केळफुलाची नणंद पडवळ

अगं ये, सरक जवळ. समोर नाहीस म्हणून काय झालं, वाचताना तरी मांडीला मांडी लावून बसल्यासारखी बस. आणि तो फोन पालथा घाल. मला थोडं रागवायचं आहे, आणि रागावताना समोरचं माणूस खाली फोनमध्ये बघत असलं की राग फुकट जातो.

मी कॉम्प्युटरची एक भाषा शिकले म्हटल्यावर त्या दिवशी तू काय म्हणालीस? "आत्या, ती भाषा मेलेली आहे. शिकायचीच होती तर जगात कोणी वापरतं अशी तरी शिकायची." तू बेंगळूरूला काचेच्या इमारतीत बसून कॉम्प्युटरचं काम करतेस, तुला त्यातलं कळतं, कबूल. पण 'मेलेली भाषा' हे शब्द तंजावरच्या मराठी बाईशी बोलताना जरा जपून वापरावेत. आपली मराठी मेली असं सांगायला दर दोन-चार वर्षांनी तिकडून, महाराष्ट्रातून, कोणीतरी येतं. बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, रेकॉर्डर मांडून बसतं आणि "आजी, काहीतरी जुनं बोला" म्हणतं. आम्ही त्याला कॉफी देतो, टंबलर ओठाला न लावता कसा प्यायचा ते शिकवतो, सदऱ्यावर सांडलेलं पुसायला फडकं देतो. तो गेला की त्याच मेलेल्या भाषेत पुन्हा एकमेकींशी भांडायला लागतो.

म्हणून त्या कॉम्प्युटरच्या भाषेचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की तू लगेच शोधून, किती जण वापरतात तो आकडा मला ऐकवशील. थोडे आहेत. एवढं पुरे.

सगळं सुरू झालं देवीवरून. तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांस नीट सांगते. माझ्या सासरच्या कुळाची देवी म्हणजे तळहाताएवढा चांदीचा टाक. आमचे लोक राजांच्या मागून इकडं उतरले तेव्हा कोणीतरी तो कमरेला बांधून आणला म्हणतात. तिला देऊळ नाही. भावकीत चार घरं आहेत. घटस्थापनेला देवी एका घरून निघते, पाळी असेल त्या दुसऱ्या घरी जाते आणि वर्षभर तिथं राहते. एक घर माझं, एक थोरल्या जाऊबाईंचं, दोन्ही राजवाड्यामागच्या एकाच गल्लीत. एक पापनाशमला, चुलत भावोजींचं. चौथं तिरुवैयारूला, तिथले नवरा-बायको दोघं गाणं शिकवतात आणि कुठल्याही भांडणात "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. असं एक घर प्रत्येक भावकीत असावं, नाहीतर बाकीच्यांनी मन कुठं मोकळं करायचं?

गेल्या वर्षी पाळी होती जाऊबाईंची. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. चौरंग घासून झाला, समईच्या वाती वळून झाल्या, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांची आई गेली. शंभरीला टेकलेली बाई, इतकी वर्षं थांबली, आणखी दहा दिवस थांबली असती तर काय बिघडत होतं, असं जाऊबाई रडता रडता म्हणाल्या. सुतक लागलं, आणि देवी तिरुवैयारूलाच राहिली.

या वर्षी पापनाशमहून फोन आला. भावोजी म्हणाले, "वहिनींची पाळी हुकली ती हुकली. क्रमानं आता माझी."

जाऊबाई म्हणाल्या, "हुकली म्हणजे काय, बस आहे? माझी पाळी माझी वाट बघते आहे."

पूर्वी असं काही निघालं की थोरले भावोजी, जाऊबाईंचे यजमान, निकाल देत. ते जाऊन बरीच वर्षं झाली. निकाल त्यांनी दोन्ही प्रकारचे देऊन ठेवलेले. एकदा हुकलेली पाळी पुढच्या वर्षी भरून दिली, एकदा सरळ सोडून दिली. त्या दिवशी त्यांचं पोट कसं होतं यावर ते असावं.

मी जाऊबाईंना म्हटलं, "अक्का, द्या सोडून. पुढच्या फेरीला आपलीच."

त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी थांबते की. पण मी थांबेन याची हमी तू देणार?"

मी उठून दुधाखालचा गॅस बारीक केला.

पापनाशमकरांनी दुसऱ्या फोनला टोमणा मारला. "माणसाला विचारलं की ते कोणाचं तरी नातेवाईक निघतं. आता तुमच्या त्या मशीनला विचारा. ते सांगेल ते मान्य." तू दिलेला जुना लॅपटॉप मी उघडते हे त्यांच्या कानावर गेलेलं. त्यांनी टोमणा मारला आणि मी तो उचलून पदरात बांधला.

मला काय येत होतं? लग्नाआधी टायपिंगची लोअर आणि हायर परीक्षा झालेली, इकडच्या सगळ्या मुलींची होत असे तशी. देवनागरी वाचायला लग्नानंतर शिकले, तेही पंचांगावरून, म्हणून माझ्या लिहिण्यात अजून कुठंतरी अमावास्या डोकावते. त्या जोरावर आधी जगात सगळे शिकतात ती भाषा शिकायला बसले. व्हिडिओतला तमिळ मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाला, मशीनकडून जगाला नमस्कार करून घ्या. करून घेतला. मग म्हणाला, आता दहापर्यंत मोजून घ्या. तेही घेतलं. पण त्या भाषेत मशीनला एकेक पाऊल सांगावं लागतं. हे उचल, तिकडं ठेव, झालं का बघ, नसेल तर पुन्हा कर. कामवालीला एवढं सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आली नसती.

त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, नात्यागोत्यांचं काम असेल तर एक वेगळी भाषा आहे. तिच्यात कसं करायचं ते सांगावं लागत नाही. खरं काय आहे तेवढं सांगायचं: हा हिचा बाप, ही त्याची बायको. मग नियम सांगायचा: नवऱ्याची बहीण ती नणंद. आणि मग नुसतं विचारायचं, हिची नणंद कोण? मशीन आपलं आपण शोधतं. मला वाटलं, ही तर आपल्याच घरातली. लग्नात एखादी नवी बाई दिसली की आपण दुसरं काय करतो?

खरं सांगायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. नाव लिहायचं होतं, यजमानांचं. त्यांच्यासमोर उभ्या जन्मात घेतलं नाही, ते गेल्यावर मागून टाइप करायचं? बोट पुढं जाईना. सासऱ्यांचं नाही, थोरल्या भावोजींचं नाही, सासूबाईंचं तर नाहीच. समोर ताटात मी भाजी निवडत होते. मग एकेकाला भाजी दिली. यजमान शेवग्याची शेंग, उंच होते. थोरले भावोजी सुरण. नीट हाताळलं नाही तर घशाला खाज. सासूबाई भोपळा. जाऊबाई केळफूल, कारण सोलता सोलता आत किती आहे ते संपत नाही. त्यांची आई पडवळ. पापनाशमकर कारलं. मी स्वतः कोथिंबीर, सगळ्यांत शेवटी वरून घालतात ती.

सगळी माहिती भरून मी आधी ठाऊक असलेलंच विचारलं, पडवळ गेली तेव्हा केळफुलाला सुतक होतं का? मशीन गप्प. नुसता गोल फिरत राहिला. मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी विसळून आले, तरी फिरतोय.

मग मला त्या भाषेच्या लोकांचा जो पार आहे, फोरम म्हणतात त्याला, तिथं जाणं आलं. इंग्रजी माझं टायपिंगच्या परीक्षेतलं. तरी नीट पत्र लिहिलं. दारात पाय ठेवल्या ठेवल्या कोणी कामाचं बोलतं का? आधी सगळ्यांची खुशाली विचारली. तिकडं थंडी कशी आहे, जेवणं झाली का, घरी मोठं माणूस कोण आहे. आमच्याकडं कावेरीला पाणी सोडलंय तेही कळवलं. अडचण मनात होती, ती दुसऱ्या पत्रात लिहिणार होते, ओळख झाल्यावर. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझं पत्र काढून टाकलेलं. खाली शेरा: हा माणूस नसून जाहिरातीचं यंत्र असावं.

एवढी वर्षं लोकांना वाढते आहे, मला कोणी यंत्र म्हटलं नव्हतं. पण तिथली रीत तिथं. पुढच्या पत्रात अडचण आधी लिहिली, सगळ्या भाज्या खाली जोडल्या आणि जेवणाचं शेवटी विचारलं.

आता बघ हं, तुझ्या मेलेल्या भाषेची माणसं कशी धावून आली. पहिल्यानं विचारलं, ही शेतीची माहिती आहे का? दुसऱ्यानं बराच अभ्यास करून कळवलं, "तुमच्या माहितीत चूक आहे. केळफुलाची आई पडवळ. केळफुलाची नणंदही पडवळ. हे शक्य नाही."

मी लिहिलं, "चूक नाही. लग्न आहे."

समजावून सांगावं लागलं. आमच्याकडं, इकडच्या चालीप्रमाणं, सख्ख्या मामाशी लग्न होत असे. जाऊबाई लहानपणी या घरात आजोळ म्हणून येत, मग सून म्हणून आल्या. आजी ती सासू झाली, मामा तो नवरा झाला, आणि आई ती नणंद. माझंही फार वेगळं नाही, माझी सासू माझी आत्याच. तिकडच्या पुस्तकांत कुटुंब झाडासारखं काढतात. खोड, फांद्या, पानं, सगळं एका दिशेनं वर जातं. आमचं कुटुंब चकलीसारखं आहे. मशीन बिचारं बाहेरून निघे, आत येई, पुन्हा बाहेर निघे.

यावर ते लोक हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांना अत्यानंद झाला. आणि त्यातून मला एक कळलं, की त्यांच्या पारावरही आमच्यासारखंच भांडण चाललं होतं. त्या भाषेत एक सोय होती: एकदा शोधलेलं उत्तर मशीननं लक्षात ठेवायचं, म्हणजे पुन्हा त्याच दारात येऊन गोल फिरायला नको. ती मला लावायला हवी होती. पण अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं की पुढच्या आवृत्तीत ही सोय काढून टाकू, तिच्यापायी भाषा जड झाली आहे, नव्या पिढीला पळणारी भाषा पाहिजे. उरलेले म्हणत, पळायला दुसऱ्या भाषा आहेत, आपण आपलं चालावं. ज्यांनी ती भाषा घडवली ते एक म्हातारे गृहस्थ, कुठल्याशा बर्फाच्या देशातले. त्यांनी लिहिलं होतं, ज्याला या सोयीची खरोखर गरज आहे असा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, तेव्हा काढू.

ते वाचताना मला रेकॉर्डरवाला आठवला. मी लिहिलं: "नमस्कार. मी तो माणूस. सोय काढलीत तर नवरात्राला आमची देवी कुठं जाणार हे कळणार नाही, आणि माझ्या जाऊबाई ऐंशीच्या पुढं आहेत. जेवलात का?"

म्हाताऱ्यांचं उत्तर आलं. सूप आणि पाव जेवले होते. सोय राहील, असं त्यांनी सगळ्यांदेखत कळवलं. एवढंच नव्हे, आता भाषेत कोणी काही बदललं की ते चालतं का हे बघायला जे प्रश्न विचारतात, त्यांत आमच्या भाज्या घातल्या आहेत. रोज कुठल्या कुठल्या देशांत ते मशीनला विचारतात, केळफुलाची नणंद कोण, आणि ते पडवळ म्हणालं की मगच पुढं जातात. आणि हल्ली त्या पारावर दोन-तीन जण पत्राच्या शेवटी काय जेवलो ते लिहू लागले आहेत. तू म्हणतेस मेलेली.

सोय लावली. गोल फिरणं थांबलं. सुतक होतं, असं मशीन म्हणालं. दोनदा म्हणालं, एकदा लेक म्हणून, एकदा भावजय म्हणून. मी जाऊबाईंना दाखवलं. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "त्याला सांग," म्हणाल्या, "आई एकदाच गेली." मी एक ओळ कमी केली.

मग पाळीचे नियम घातले. थोरल्या भावोजींचा पहिला निकाल, हुकलेली पाळी भरून द्यावी. दुसरा निकाल, क्रम मोडू नये. दोन्ही घरचेच, कुठला गाळणार? आणि प्रश्न मी विचारला नाही. विचारायचा तो पापनाशमकरांसमोर, असं ठरलं होतं.

ते बसनं आले. हातात केळीचा घड, चेहऱ्यावर कोर्टात आल्यासारखा भाव. मी मोर दिलं, कढीपत्ता आणि आलं घातलेलं ताक. जाऊबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी त्या दिवशी चांगलं लुगडं नेसलेलं माझ्या लक्षात आलं, पण मी काही बोलले नाही.

मी टाइप केलं: या वर्षी देवी कोणाकडे?

उत्तर लगेच आलं. केळफूल.

जाऊबाईंनी पदर सारखा केला. भावोजी पडद्याकडं वाकून म्हणाले, "केळफूल म्हणजे?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

आता एक गोष्ट तुला ठाऊक असेल, वाचणाऱ्यांस नसेल. ती भाषा एक उत्तर देते आणि थांबते. आणखी हवं का, असं वाट बघत राहते. एक कळ दाबली की दुसरं असलं तर देते. नाही दाबली तर तिथंच संपलं. कोणाला कळत नाही. माझं बोट त्या कळेवर होतं. मला आत काय आहे त्याचा अंदाज होता, नियम मीच घातले होते. मी बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं.

भावोजी ताक पीत म्हणाले, "ते काहीतरी लुकलुकतंय. अजून काही म्हणायचंय का त्याला?"

जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या. नको म्हणाल्या असत्या तर माझं बोट हललं नसतं, खरंच सांगते. पण त्या म्हणाल्या, "दाब गं. अर्धं ऐकून देवी घरी आणायची नाही."

दाबली. कारलं.

"कारलं कोण?" भावोजींनी विचारलं.

मी ताकाचं भांडं उगाच पुसलं. जाऊबाईच म्हणाल्या, "तुम्ही, भावोजी."

"मी कारलं?"

"औषधी असतं ते," मी म्हटलं. "साखरेला वगैरे."

त्यांनी ताक संपवलं. मग वकिलासारखी एक बाजू धरून विचारलं, "दोन्ही उत्तरं खरी?"

"दोन्ही खरी."

"मग त्याने वहिनींचं आधी का दिलं?"

"ज्या क्रमानं मी लिहिलं त्या क्रमानं देतं ते. जाऊबाईंचं घर मी आधी लिहिलं."

"का?"

"का म्हणजे? त्या मोठ्या. वयानं मोठं माणूस सोडून तुम्हांस आधी लिहू?"

यावर त्यांनी भांडं खाली ठेवलं. "म्हणजे इतके महिने तुम्ही परदेशातल्या लोकांशी भांडलात," ते म्हणाले, "आणि मशीन काय सांगतं, तर मोठ्या माणसाला आधी. हे तर आमच्या घरची म्हैस पण सांगेल."

"म्हशीचं तुम्ही ऐकलं नसतं," मी म्हटलं.

तेव्हा ते हसले. मग जाऊबाईंकडं वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, गेल्या वर्षी तुमच्या आईला पोहोचवायला मी आलो होतो. स्वयंपाकघरात तुमचा तो चौरंग घासून ठेवलेला दिसला होता मला." नातं जवळचं असलं की माणसं असल्या जागी खोकतात, तेही खोकले. "या वर्षी देवी तुमच्याकडं. माझ्याकडं पुढच्या वर्षी. मी लहान आहे, थांबेन."

जाऊबाईंनी त्यांना आणखी ताक वाढलं. दुसरं काय करणार?

जाताना भावोजींनी माझ्याजवळ एक अट घातली, भाजी बदलायची. मला काहीतरी मानाचं द्या म्हणाले. मी त्यांना वांगं करायला तयार होते, देठाला मुकुट असतो. पण बर्फाच्या देशातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, आता नावं बदलू नका, कारलं सगळीकडं पोहोचलं आहे. ते मी पापनाशमला अजून कळवलेलं नाही.

तर आता देवी येणार आहे. जाऊबाई रोज सकाळी तिण्णैवर येऊन बसतात आणि मला कामं सांगतात. गुडघ्यामुळं त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, आणि खाली बसल्या की उठवायला दोघी लागतात. मी एक आहे. नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या माळ्यावरून काढायच्या आहेत, पायऱ्या मांडायच्या आहेत, रोज संध्याकाळी येणाऱ्या बायकांना द्यायला हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे सुकी उसळ, शिजवायचं आहे, आणि तिरुवैयारूचे दोघं नऊ दिवस गायला येणार म्हणतात, त्यांना जेवायला वाढायचं आहे. म्हणून लिहिते आहे. घटस्थापनेच्या चार दिवस आधी ये. रात्रीची गाडी पकड, सकाळी स्टेशनवर मी येते. अक्का विचारत होत्या तू येणार का, मी हो म्हणून सांगून बसले आहे. आता लवकर ये, आणि राहायला ये.